मदत हवी आहे: जिन्यातल्या सिगरेटच्या धुराचं काय करायचं?
नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. रोज रात्री जेवणं झाली की वरच्या मजल्यावरचे काका आणि त्यांचे मित्र आमच्या दारासमोरच जिन्यात उभे राहून सिगरेट ओढतात आणि धूर दाराच्या फटीतून थेट हॉलमध्ये. सासूबाईंना दमा आहे, धूर आला की खोकल्याची उबळ येते, मग पंप घ्यावा लागतो, दाराखाली ओला टॉवेल लावून बघितला पण वास काही थांबत नाही. मुलगी अजून रांगतेय, दुसऱ्याच्या धुरानेही लहान मुलांना न्यूमोनिया, कानाचं इन्फेक्शन होऊ शकतं, आणि सकाळी दारातली थोटकं तोंडात घालेल ही धास्ती वेगळीच.

सेक्रेटरी म्हणतात, "स्वतःच्या घरात नाही ना ओढत, मग सोडा." अहो पण तोच तर प्रॉब्लेम आहे! २००३ च्या कोटपा म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले, २०० रुपयांपर्यंत दंड आहे, एवढं मला माहितीये. पण सोसायटीचा जिना यात धरतात का? कोणी पोलिसात तक्रार केलीये का, की जनरल बॉडीत ठराव करून घेणं बरं?

काका अडीनडीला धावून येणारे आहेत, त्यामुळे भांडण नकोय, त्यांचीही सिगरेट सुटावी असं मनापासून वाटतं. १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनचा कोणाला फायदा झालाय का? प्लीज अनुभव सांगा.