वकिली करायलोय पण रात्री झोप नाही, बेळगावकडची वकील मंडळी कसं सांभाळता?

खानापूरचा ज्युनिअर:
नमस्कार. बेळगाव कोर्टात सिनिअरांकडे ज्युनिअर आहे. सकाळी ऑफिस, मग कोर्ट, संध्याकाळी परत ऑफिस, मधेच हायकोर्टाच्या धारवाड बेंचला फाइल घेऊन जायचं. कामाचं काही नाही ओ, काम आवडतं. पण पक्षकार सगळे गावाकडचे, ओळखीचे, जेवायला बसलो की फोन, "उद्या तारखेला यायचं काय?" आणि आडवं झालं की डोक्यात एकच, कुठल्या केसची मुदत तर निघून गेली नसेल? मध्यरात्री उठून डायरी चाळतो. घरी बोलायचं तर पक्षकाराचं सांगता येत नाही. त्यात शिक्षण मराठी माध्यमातलं, ऐकायचं मराठीत आणि दावा लिहायचा कन्नडमधनं, त्याला दुप्पट वेळ जातो. तुम्ही कसं जमवता?

टिळकवाडी_सिव्हिल:
अरे बाबा, मुदत डोक्यात ठेवतोस म्हणून ती झोप खाते. तारखांची डायरी वेगळी आणि मुदतीची वही वेगळी कर. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पुढची तारीख दिसते, पण चेक बाऊन्सची नोटीस कधीपर्यंत जायला पाहिजे ते अ‍ॅप सांगत नाही, ते आपणच मोजायचं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आला की ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस, ते संपले की एक महिन्यात फिर्याद. दिवाणी दाव्याचं समन्स लागलं की ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, कोर्टानं कारण मानलं तर ९० पर्यंत. फाइल टेबलावर आली की तिथंच शेवटची तारीख लिहायची आणि तिच्या आठवडाभर आधीची तारीख लाल पेनानं, आणि तेच कारकुनाच्या वहीतही. दोघांनी लिहिलेलं असलं की रात्री उठून बघायचं कारण राहत नाही. कन्नडचं म्हणशील तर सिनिअरांच्या जुन्या फाइलींतनं वाटणीचे, मनाईचे चांगले दावे झेरॉक्स करून ठेव, बरीचशी वाक्यं तीच असतात, हात लवकर बसतो.

चिकोडीची वकील:
दादा, फोनचं मी सांगते कारण मला घरी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास सगळं बघून वकिली करायची असते. कोर्ट सुटलं की उद्याच्या बोर्डावरच्या, म्हणजे उद्या ज्यांची केस लागलीय त्या सगळ्या पक्षकारांना कारकुनाकडनं व्हॉट्सअ‍ॅप, "उद्या यायचं" किंवा "उद्या यायची गरज नाही, पुढची तारीख कळवू". निम्मे फोन तिथंच थांबले. लोक त्रास द्यायला फोन करत नाहीत ओ, भावाभावांत वाटणीचा दावा चालू असला की माणूस घाबरलेला असतो, त्याला कुणीतरी काहीतरी सांगायला पाहिजे असतं. पक्षकारांसाठी नंबर वेगळा ठेवा, सात ते आठ वेळ द्या आणि ती पाळा. फक्त अटकेचा फोन कधीही उचलायचा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं नेतात, तिथं सकाळपर्यंत थांबून चालत नाही.

वडगावची वहिनी:
मी वकील नाही, वकिलाची बायको आहे. नवीन साक्ष कायद्यात कलम १३२ आहे म्हणे, पक्षकाराचं गुपित कुणालाच सांगायचं नाही, बायकोला पण नाही. ठीक आहे की, केस नका सांगू, पण "आज जज चिडले, मला वाईट वाटलं" एवढं सांगायला कुठला कायदा आड येतोय? आमच्याकडं तेवढंच बोलणं सुरू झालं आणि घरातलं वातावरण खूप निवळलं. आणि सकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरायला जायचं, फोन घरी ठेवून, हे मी धरूनच बसलेय.

कॅम्पातला एक:
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, निम्मी काळजी तीच असते. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ ला ज्युनिअरना शहरात महिना २० हजार, खेड्यात १५ हजार किमान द्यावेत अशी शिफारस केलीय, सक्ती नाही, पण सिनिअरांशी बोलताना हाताशी असू दे. आणि रात्रीचं उठणं असंच चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखव, लाजू नकोस. टेली-मानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६ ला फोन लाव, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत.

खानापूरचा ज्युनिअर:
सगळ्यांचे मनापासून आभार. वही आजच आणतो. चिकोडीच्या ताई, एक विचारायचं, ज्युनिअरनं स्वतःचा वेगळा नंबर ठेवला तर सिनिअरांना वाटणार नाही काय की हा पक्षकार फोडायलाय? तुम्ही त्यांना कसं सांगितलंत?