मदत हवी आहे: ग्रुप पॉलिसीतून लोकल अ‍ॅडमिनचे हक्क काढायचे आहेत, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर आडवं येतंय

नमस्कार. आमच्याकडे साठेक पीसी आहेत, सगळे एकाच डोमेनवर, म्हणजे एकाच सर्व्हरवरून सांभाळले जाणारे. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१९, पीसींवर विंडोज ११. पूर्वीपासूनची पद्धत अशी की ज्याचा पीसी, त्याचा युजर त्या पीसीच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये. त्यामुळे कोणीही काहीही इन्स्टॉल करतं, कोणी अँटीव्हायरसच बंद करून ठेवतं. मेलमधून आलेल्या भलत्या फाइलने एखाद्या दिवशी सगळं ऑफिस ठप्प होईल ही भीती मला कायम वाटते. म्हणून हे हक्क ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या पीसींना एकदम नियम लावून, काढायचेच आहेत.

अडचण हिशेब विभागाची आहे. त्यांचं ३२ बिटचं जुनं सॉफ्टवेअर आत्तापर्यंत 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून चालवत होते. एका पीसीवर हक्क काढून पाहिले. सॉफ्टवेअर उघडतं, नोंद सेव्ह होते, एरर काही येत नाही. पण त्याच पीसीवर दुसऱ्या युजरने लॉगिन केलं की ती नोंद गायब! पहिला युजर परत आला की पुन्हा दिसते. हिशेबाच्या नोंदी अशा लपंडाव खेळायला लागल्या तर त्या लोकांनी काम कसं करायचं? हा काय प्रकार आहे?

दुसरं, हक्क काढायला ग्रुप पॉलिसीतल्या दोन सोयींपैकी 'रिस्ट्रिक्टेड ग्रुप्स' वापरू की 'प्रेफरन्सेस'? सपोर्टच्या मुलांचा एक डोमेन ग्रुप आहे, त्यांचे हक्क राहिले पाहिजेत.

प्रतिसाद

नोंदी कुठेही गेलेल्या नाहीत, काळजी करू नका. सॉफ्टवेअर आपला डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहीत असणार. साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही, म्हणून अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोज ते लिखाण गुपचूप त्या युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरकडे वळवतं. ज्याची त्याची प्रत वेगळी, म्हणून एकाचं दुसऱ्याला दिसत नाही.

उपाय म्हणजे हिशेब विभागाच्या ग्रुपला फक्त डेटाच्या फोल्डरवर 'मॉडिफाय' (फाइल लिहिण्या-बदलण्याचा हक्क) द्या. तेही पॉलिसीतूनच होतं: कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, सिक्युरिटी सेटिंग्ज, फाइल सिस्टिम. अख्ख्या प्रोग्रॅमच्या फोल्डरवर मात्र देऊ नका. तसं केलं तर कोणीही मूळ ईएक्सई (प्रोग्रॅम चालवणारी फाइल) बदलू शकेल आणि पुढे एखाद्या अ‍ॅडमिनने ती चालवली की खेळ संपला. व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या प्रतींचा बॅकअप घेऊन त्या तिथून हलवा. त्या तिथेच राहिल्या तर वाचताना विंडोज आधी त्याच उचलतं आणि हक्क देऊनही गोंधळ तसाच राहतो.

हक्क काढायला मी प्रेफरन्सेस घेईन. रिस्ट्रिक्टेड ग्रुप्समधली 'मेंबर्स' यादी बाकी सगळ्यांना पुसून टाकते, आणि दोन पॉलिसींमधल्या याद्या एकत्रही होत नाहीत, जिचा क्रम वरचा तीच लागते. प्रेफरन्सेसमध्ये 'लोकल युजर्स अँड ग्रुप्स'मधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स (बिल्ट-इन) निवडा, अ‍ॅक्शन 'अपडेट' ठेवा, 'डिलीट ऑल मेंबर युजर्स' आणि 'डिलीट ऑल मेंबर ग्रुप्स' दोन्हींवर टिक करा. मग डोमेन अ‍ॅडमिन्स आणि सपोर्टचा ग्रुप त्याच यादीत परत घाला, हे विसरलात तर स्वतःच बाहेर राहाल. आयटम लेव्हल टार्गेटिंग (सेटिंग कोणत्या पीसींना लागू व्हावं ते ठरवायची सोय) लावून आधी थोड्याच पीसींवर सोडा.

बिल्ट-इन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सगळीकडे एकच असेल तर लॅप्स (प्रत्येक पीसीचा हा पासवर्ड वेगळा ठेवून आपोआप बदलणारी सोय) लावा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार! व्हर्च्युअलस्टोअरमध्ये खरंच प्रत्येकाची वेगळी डेटा फाइल सापडली. आता एकच शंका: चाचणीच्या पीसीवर पॉलिसी लागल्याचं जीपीरिझल्ट (कोणत्या पॉलिसी लागल्या ते सांगणारी कमांड) दाखवतं, तरी एका युजरला अजून इन्स्टॉल करता येतंय.

प्रतिसाद

त्याला लॉगऑफ करून परत लॉगिन करायला सांगा. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी त्याच्या टोकनमध्ये (त्या सेशनच्या जणू ओळखपत्रात) भरली जाते, ते सेशन संपेपर्यंत जुनेच हक्क चालतात. बाकी पीसींवर पॉलिसी आपोआप पोचायला ९० मिनिटं आणि वर जास्तीत जास्त ३० मिनिटं धरा.