अप्रेझ, असेस, अप्राइझ : कुठे कोणता शब्द?

गोदाकाठ (पंचवटी, नाशिक)
सोनेतारणाच्या कागदावर ‘अप्रेझ्ड व्हॅल्यू’ आहे, घरपट्टीच्या नोटिशीत ‘असेसमेंट’. दोन्हींचा अर्थ मूल्यांकनच ना? आणि अप्रेझ्ड व्हॅल्यू सराफ बाजारातल्या भावाच्या हिशेबाने कमी का येते? बँकेला इंग्रजीत पत्र द्यायचंय, म्हणून शब्द नेमके हवेत.

कसोटी
जाणकाराने वस्तू तपासून त्या दिवशीची किंमत सांगणं म्हणजे अप्रेझ. पारख आणि किंमत, दोन्ही त्यात आलं.

आता कमी का ते बघा. समजा हार ४० ग्रॅमचा आहे. खडे, मोती, लाख यांचे ३ ग्रॅम गेले की निव्वळ वजन ३७. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, म्हणून शुद्ध सोनं साधारण ३३.८९ ग्रॅम. घडणावळ धरतच नाहीत. भावही आजचा नसतो: रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांप्रमाणे मागच्या ३० दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला जो कमी तो. सोनं चढत असताना सरासरी मागे राहते, म्हणून तफावत जास्त दिसते.

कर्ज त्याहून कमी मिळतं हे वेगळंच. घरगुती गरजेच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५ ही मर्यादा.

पारख तुमच्या समोरच व्हायला हवी. एकूण वजन, वजावट, निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिलेला दाखला मागा, तो तुमचा हक्क आहे.

घरपट्टीवाला
असेसमध्ये विक्रीची किंमत नसते, कर किती बसवायचा ते ठरतं. भाड्यावर आधारलेल्या पद्धतीत वर्षाच्या अपेक्षित भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करपात्र मूल्य काढतात. त्यामुळे हा आकडा दाखवून घराचा भाव ठरवू नये.

शुद्धलेखन
पत्रात एक घोळ हमखास होतो. ‘प्लीज अप्रेझ मी ऑफ द डिडक्शन्स’ चूक. कळवणे या अर्थी शब्द ‘अप्राइझ’, त्यापुढे माणूस आणि मग ‘ऑफ’. अप्रेझपुढे वस्तू येते, रकमेआधी ‘ॲट’: ‘द नेकलेस वॉज अप्रेझ्ड ॲट’ आणि पुढे आकडा. खात्री नसेल तर सरळ ‘प्लीज इन्फॉर्म मी’ लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

गोदाकाठ
म्हणजे वजावटीचा तपशील ‘इन्फॉर्म’ने मागते आणि दाखल्याची प्रतही. आभार.