मदत हवी आहे : लोफोटेनला कयाकिंग, पण पोहता येत नाही

जूनअखेरीस बहिणीबरोबर नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर गाईडेड ग्रुप ट्रिपला जायचं चाललंय. बोडोहून फेरीने मोस्केनेस, पुढे राइने, हेनिंग्सवेर. सायकल, डोंगर आणि समुद्रात कयाकिंग. डोंगराची धास्ती नाही. राइनेब्रिंगेन ४४८ मीटरच आहे, वर नेपाळी शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या, आणि सह्याद्रीत आमचं जाणं-येणं असतंच. (उतरताना गुडघे कुरकुरतात, काठ्या नेतोय.) शाकाहाराचंही आयोजकांशी बोलणं झालंय.

अडलंय ते कयाकपाशी. मला पोहता येत नाही. आयोजकांना मेल केला, तर 'नवशिक्यांना चालेल' एवढंच उत्तर. फोनवरही तेच. लाइफ जॅकेट मिळणार हे माहीत आहे. पण तिथलं पाणी त्या दिवसांत १०-१२ अंशांच्या आसपास, म्हणजे उलटलो तर बुडण्याआधी गारठ्याचीच भीती. कोकणात खाडीत कयाक चालवलंय, उघड्या समुद्रात कधीच नाही. ॲडव्हान्स अजून भरलेला नाही, त्यामुळे ट्रिप बदलता येईल.

तिकडे जाऊन आलेल्यांनी सांगा : न पोहणाऱ्याला गाईड दोघांच्या कयाकमध्ये घेतात का, आणि ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा, पाणी आत न शिरू देणारा पोशाख) ते देतात की आपण मागून घ्यावा लागतो?