अनुभव धागा: फोटो-फायलींचा बॅकअप, खिशाला झेपेल तसा

रानजाई
गूगल फोटोजचं फुकट अनलिमिटेड १ जून २०२१ ला बंद झालं तेव्हापासून आमच्या घरात अधूनमधून हाच विषय, गूगलचे फुकटचे १५ जीबी भरले. त्यात जीमेल पण आलं, ड्राइव्ह पण आलं, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवाल्यांचा व्हॉट्सॅप बॅकअपही त्यातच मोजायला लागले. मी १०० जीबीचा प्लॅन घेतलाय, महिन्याला १३०, वर्षाचे एकदम भरले तर १३००. सध्या परवडतंय पण पोरांचे व्हिडिओ बघता पुरणार नाही, आणि हे भाडं एकदा सुरू झालं की सुटत नाही. तर तुम्ही प्रत्यक्षात काय करता, खर्च किती येतो ते लिहा. कुठेतरी वाचलेलं नको, स्वतःचं सांगा.

वाशिष्ठीकाठचा
आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला घरात पाणी शिरलं तेव्हा जुने अल्बम, कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची हार्डडिस्क, सगळं एकदमच गेलं. वाचले ते पुण्याला ताईकडचे फोटो, भाच्याच्या मुंजीच्या वेळी तिने हौसेने सगळं कॉपी करून नेलं होतं म्हणून. बॅकअप वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं.
आता २ टीबीच्या दोन सारख्या डिस्क आहेत, एक इथे माळ्यावर आणि एक ताईकडे. गणपतीत ती येते तेव्हा तिच्याकडची घेऊन येते आणि इथली ताजी घेऊन जाते, मे महिन्यात आम्ही गेलो की परत तेच. डिस्कचा खर्च एकदाच, एसटीचं तिकीट तसंही काढायचंच असतं. मधल्या काळातले फोटो एकाच डिस्कवर राहतात हे खरंय, म्हणून तेवढे नवे फुकटच्या १५ जीबीत टाकतो आणि अदलाबदल झाली की तिथून काढतो. ओल मरणाची असते आमच्याकडे, त्यामुळे डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

भाजणी
क्लाउडवाल्यांनो एक सांगते, सिंक (म्हणजे फोन आणि क्लाउड सतत एकसारखे ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. सासूबाईंचा फोन भरला म्हणून नणंदेने फोटोजच्या ॲपमधूनच धडाधड डिलीट मारले, वर आहेतच की म्हणून, तर वरचेही गेले. क्लाउडवर चढलेले फोटो डिलीट केले तरी ६० दिवस कचरापेटीत राहतात म्हणून परत मिळाले, नाहीतर काशीयात्रा गेली होती त्यांची. फोनमधली जागा मोकळी करायचं वेगळं बटण असतं, फ्री अप स्पेस, तेच वापरायचं.

कॅमेरावाला
लग्नाचे फोटो काढतो, नाशिकला स्टुडिओ आहे, तेव्हा हा माझा पोटापाण्याचा विषय. एका लग्नाचे रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, कच्चे) फोटो आणि व्हिडिओ मिळून ३००-४०० जीबी सहज होतात, एवढं सगळं क्लाउडवर ठेवायचं तर धंदाच बंद करावा लागेल. त्याच रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी, मग दोन्हीवरच्या थोड्या फायली उघडून बघायच्या, आणि त्यानंतरच कार्ड फॉरमॅट. एक डिस्क स्टुडिओत, एक घरी. ३-२-१ म्हणतात तो नियम आमच्याच जातकुळीतल्या पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने मांडलाय, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. मला विचाराल तर घरगुती माणसाने ते मधलं "दोन माध्यमं" नाही पाळलं तरी चालेल, दुसरी जागा मात्र सोडू नका. वर चिपळूणवाल्यांनी लिहिलंच आहे.
लोक एसएसडी (आत फिरणारं काही नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क) घ्यायला सांगतात. एडिटिंगला उत्तम, मीही वापरतो. पण कपाटात टाकून विसरायला नाही, वीज न मिळता ती फार काळ पडून राहिली तर डेटा उडू शकतो. साधी फिरणारी डिस्क तेवढ्याच जागेला बरीच स्वस्त पडते, फक्त चालू असताना हलवायची नाही आणि अधूनमधून लावून बघायची. आणि एक, १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती मोजायची पद्धत वेगळी आहे म्हणून, दुकानदाराशी भांडू नका.
अवांतर: अल्बम दिल्यावर वर्षभराने मी रॉ डेटा उडवतो, कोटेशनवर तसं छापलेलं असतं, तरी लोक पोराच्या बारशाला येऊन लग्नाचे फोटो मागतात. अल्बम न्यायला येताना स्वतःची डिस्क घेऊन या हो.

बिनतारी
घरात पडलेल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि इमिच (घरच्या घरी गूगल फोटोजसारखं चालणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हीवर कायम तेच. घरच्या सगळ्यांचे फोन वायफायवर आले की फोटो आपोआप तिकडे. सॉफ्टवेअर फुकट, चेहरे ओळखतं, गूगलसारखंच दिसतं. खर्च फक्त डिस्कचा आणि विजेचा.

भाजणी
@बिनतारी तुम्ही गावाला गेलात आणि ते बंद पडलं तर घरात कोण बघणार? आमच्याकडे राउटरची वायर निघाली तरी दिवसभर सगळे माझी वाट बघत बसतात.

बिनतारी
रास्त आहे :) आणि मिरर म्हणजे बॅकअप नाहीच, चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडचं जातं. म्हणून महिन्यातून एकदा तिसऱ्या डिस्कवर कॉपी काढून ती ऑफिसच्या लॉकरमध्ये. ज्याला या खटपटीची आवड नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

परतीच्या_वाटेवर
अमेरिकेत होतो तोवर ॲमेझॉन प्राइमबरोबर फोटो अनलिमिटेड होते, मूळ साइझमध्ये, व्हिडिओला मात्र फक्त ५ जीबी. भारतातल्या प्राइममध्ये ही सोय नाही, तेव्हा परत यायचं ठरवलंत तर आधी सगळं उतरवून घ्या. गूगलवालं टेकआउटने (आपला सगळा डेटा उतरवून घ्यायची गूगलचीच सोय) उतरवलं तर बऱ्याच फोटोंच्या तारखा आणि जागा वेगळ्या जेसन नावाच्या मजकूर-फायलींत आल्या, एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने त्या फोटोंना परत चिकटवताना नाकी नऊ आले. ज्यांचा पसारा अजून लहान आहे त्यांनी आत्ताच एकदा टेकआउट मारून बघा.

फाटकी_पिशवी
"२ टीबी पेनड्राइव्ह ६९९ मध्ये" असलं काही दिसलं तर हात लावू नका. शेजारच्या काकांनी घेतला होता. आत खरी जागा ३२ जीबीच, पण पेनड्राइव्हमधली कंट्रोलर चिप कॉम्प्युटरला २ टीबी असल्याचं खोटंच सांगते, फोटो जाताना दिसतात, नावंही दिसतात, पण ३२ च्या पुढचं उघडतच नाही. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, आधी त्याने पूर्ण भरून तपासा. रात्रभर लागते, लागू दे.

रानजाई
सगळ्यांचे आभार, डिस्क घ्यायचं पक्कं, दुसरी आईकडे सांगलीला. म्हणजे २०१९ चा पूर आठवून वरच्या मजल्यावर :) पण कागदपत्रांचं काय? आधार-पॅन असं उघडं डिस्कवर ठेवायला धजत नाही.

कॅमेरावाला
माझ्या डिस्कवर व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरचा एक पासवर्डने कुलूपबंद कप्पा आहे, फुकट आहे, पासवर्ड विसरलात तर मात्र ब्रह्मदेवही उघडू शकत नाही, म्हणून तो बायकोच्या वहीत लिहिलेला आहे. सरकारी कागद डिजिलॉकरमध्ये असतातच. आणि गूगलच्या सेटिंगमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, बराच काळ खातं वापरलं गेलं नाही तर डेटा कोणाला द्यायचा ते आत्ताच नोंदवता येतं. घरातल्या म्हाताऱ्यांच्या खात्यांना आधी करा, दोन वर्षं निष्क्रिय राहिलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं.

काशीफळ
पहिल्यांदाच लिहितेय. जुन्या पेनड्राइव्हवर बारशाचा व्हिडिओ जात नाहीये, जागा आहे तरी फाइल फार मोठी आहे म्हणतंय?

बिनतारी
तो फॅट३२ मध्ये (फायली साठवायची जुनी पद्धत) फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालेल. फॉरमॅट करण्याआधी आत जे आहे ते दुसरीकडे काढून घ्या.