पेटंट औषध म्हणजे पेटंट नव्हेच

वर एकाने लिहिलंय की जुन्या वनौषधींच्या बाटल्यांवर पेटंट लिहिलेलं म्हणजे सरकारने तपासून मान्यता दिलेली असणार. तसं नाही हो. खरं पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते आणि या औषधवाल्यांचा सगळा धंदाच कृती लपवण्यावर, त्यामुळे नाव न् लेबल रजिस्टर करायचं आणि आत काय ते सांगायचंच नाही.

आपलं बेळगाव १९५६ पर्यंत आधी मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात, त्यामुळे मुंबई-पुण्याची मराठी वर्तमानपत्रं इकडे यायची आणि त्यांत या औषधांच्या जाहिराती खच्चून भरलेल्या. शहापूरला आमच्या आजीच्या ट्रंकेत असल्या कागदात गुंडाळलेल्या वस्तू मी स्वतः बघितल्यात. आणि मला वाटतं खरी करामत पोस्टाची, १८७७ ला व्हीपी (पार्सल हातात देताना पोस्टाने पैसे वसूल करायची सोय) सुरू झाली, म्हणजे खानापूरच्या आडगावातला माणूस कार्ड टाकणार, पार्सल आल्यावर पोस्टमनकडे पैसे देणार, आधी फसायची भीती नाही. दुकान, वैद्य, कायच लागत नाही मधे!

अमृतांजनचं बघा, १८९३ ला मुंबईत काशिनाथुनी नागेश्वर राव यांनी काढलं आणि गाण्याच्या कार्यक्रमांत फुकट वाटलं. बाम निदान लावून कळतो तरी. पण ताकदीच्या गोळ्या, गुप्तरोगावर हमखास इलाज, यांना बळी पडलेली लाजेने कुठं बोलणार? मला राग येतो तो याचाच. असल्या जाहिरातींवर देशभराचा कायदा यायला १९५४ उजाडलं.