आशियातलं अकाउंटिंग संशोधन म्हणजे नुसती कागदं काळी करणं? मला अजिबात पटलेलं नाही

खतावणी
परवा एक पोस्ट फिरत होती, इथल्याही बऱ्याच जणांनी ती उचलून धरली. थोडक्यात मजकूर असा: आशियातलं अकाउंटिंग, कॉर्पोरेट फायनान्स आणि टॅक्सवरचं संशोधन म्हणजे अमेरिकेतली मॉडेलं उचलायची, इथले आकडे त्यात कोंबायचे, पेपर छापायचा आणि प्रमोशन घ्यायचं. शेवटचं वाक्य, "ज्याने एकदा गोडाऊनमध्ये उभं राहून स्टॉक मोजलाय त्याला हे वाचायची गरज नाही."

मी अकरा वर्षं कॉमर्स शिकवते, पीएचडी अर्धी झालीय, आणि हे वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय. मान्य, भरताड पेपर खूप आहेत. पण सगळं एकाच पोत्यात भरू नका. २००२ साली बर्ट्रांड, मेहता आणि मुल्लाईनाथन यांनी भारतातल्या उद्योगसमूहांवर पेपर लिहिला, आकडे सगळे आपल्या मुंबईच्या सीएमआयई या संस्थेच्या प्रोवेसमधले, म्हणजे कंपन्यांच्या हिशेबांच्या डेटाबेसमधले. विचार एकदम साधा. एखाद्या धंद्याला चांगले दिवस आले की त्यातल्या प्रत्येक कंपनीचा नफा वाढायला हवा ना? तर जिथे प्रमोटरचा स्वतःचा हिस्सा कमी तिथे तो वाढायला हवा तेवढा वाढत नाही, आणि त्याच ग्रुपमधल्या जास्त हिस्सा असलेल्या कंपनीत उगवतो, तोही बराचसा नॉन-ऑपरेटिंग, म्हणजे मुख्य धंद्याबाहेरच्या, बाबींतून. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमने प्रमोटर राजूंच्या घरच्याच मायटासच्या दोन कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं आणि गुंतवणूकदार खवळल्यावर काही तासांत माघार घेतली, तेव्हा पैसा घरातल्याच दुसऱ्या खिशात कसा जातो हे सगळ्या देशाला दिसलं. त्या पेपरचा विषय तोच होता, सहा वर्षं आधी.

दुसरा पेपर बॉल, रॉबिन आणि वू यांचा, २००३ चा. हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर, थायलंड. चारही ठिकाणी नियम कागदावर ब्रिटिश-अमेरिकन धाटणीचे, म्हणजे चांगले. तरी नफ्याच्या आकड्यांचा दर्जा खराब, कारण हिशेब बनवणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला खरं लिहिण्यात काही फायदाच नव्हता. नियम बदलून भागत नाही, माणसाचा स्वार्थ कुठे आहे ते बघा. स्टॉक मोजून हे कळतं का?

ताळेबंद
ती पोस्ट माझीच आहे मॅडम, आणि मी एक शब्द मागे घेणार नाही.

२००२ ला पेपर आला म्हणता, मग ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या राजूंनी घोटाळ्याच्या कबुलीचं पत्र लिहिलं ते कसं? ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. कुठलं मॉडेल आधी ओरडलं? तिथे एकच काम करायचं होतं, बँकेला थेट पत्र पाठवून शिल्लक विचारायची आणि उत्तर थेट आपल्या ऑफिसात मागवायचं. सीएच्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे उमेदवारीच्या, पहिल्या महिन्यात शिकवतात ते.

आणि त्या तुमच्या २००२ च्या पेपरला दहा वर्षांनी सीगल आणि चौधरी यांनी आव्हान दिलंय, ते नाही सांगितलंत.

मी आर्टिकल असताना एका कारखान्यात ३१ मार्चला स्टॉक मोजायला गेलो होतो. पुढच्या दोन रांगांत केमिकलचे ड्रम भरलेले, मागच्या चार रांगांतले मी बोटाने टकटक करत गेलो तर सगळे पोकळ वाजत होते. मॅनेजर म्हणाला, साहेब चहा घ्या आधी. त्या पोकळ आवाजाला मॉडिफाइड जोन्स मॉडेलात, म्हणजे नफा फिरवलाय का ते आकड्यांतून शोधणाऱ्या सूत्रात, जागा कुठे आहे? मुळात जोन्सबाईंनी १९९१ ला ते काढलं अमेरिकेतल्या कंपन्या आयातीपासून संरक्षण मागताना नफा दाबतात का हे बघायला, आणि आपल्याकडचा प्रत्येक पीएचडीवाला ते साखर, कापड, बँक कशालाही लावतो.

खतावणी
आव्हान दिलंय, खोडलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की समूहातल्या कंपन्या मुळात धंदाच वेगळ्या पद्धतीने करतात, तो फरक हिशेबात घेतला नाही तर लूट नसताना लूट दिसते. एकाने मांडायचं, दुसऱ्याने उलटं तपासायचं, यालाच संशोधन म्हणतात सर. तुमच्या ऑडिट रिपोर्टला दहा वर्षांनी कोणी असं उघड तपासतं का?

ऊसपट्टा
ताळेबंद साहेबांनी साखरेचं नाव काढलं म्हणून लिहितो. सहकारी कारखान्याचा "नफा" हा शब्दच वेगळा आहे. सभासद हाच ऊसवाला, हाच मालक. उरलेले पैसे उसाच्या भावातूनच देऊन टाकायचे, ताळेबंदात नफा दिसायचं कारणच नाही. इन्कम टॅक्सने मात्र जादा दिलेला दर म्हणजे नफावाटप धरून वर्षानुवर्षं नोटिसा काढल्या. शेवटी २०२३ च्या बजेटमध्ये २०१६-१७ आधीच्या वर्षांसाठी ते पेमेंट खर्च धरायची सोय झाली, जवळपास १०,००० कोटींचा दिलासा असं भाषणातच सांगितलं. एवढा मोठा विषय आमच्या दारात पडलेला आणि आमच्या जिल्ह्यातली पोरं प्रबंध लिहितात कशावर, तर "अमुक बँकेतील ग्राहक समाधान". इथे मी ताळेबंदच्या बाजूने.

साताऱ्याचा_पाहुणा
मी सोलला नोकरी करतो, म्हणून इथलं सांगतो. देवू शिपबिल्डिंगच्या हिशेबातला घोटाळा बाहेर आल्यावर कोरियाने कायदाच बदलला. लिस्टेड कंपनीने सहा वर्षं आपल्या पसंतीचा ऑडिटर ठेवायचा, पुढची तीन वर्षं नियामक नेमून देईल तो. २०२० पासून लागू. ऑडिटची फी वाढली, कंपन्या कुरकुरतात, पण निदान प्रश्नाच्या मुळाशी तरी हात घातला. आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने फर्मला दहा वर्षांनी जायला लावलं, पण पुढची फर्म निवडतो कोण? तोच क्लायंट. खतावणी ताई म्हणतात तो स्वार्थाचा मुद्दा हाच आहे.

ताळेबंद
फी क्लायंट देतो आणि तपास क्लायंटचाच करायचा, यावर मी वीस वर्षं बोलतोय, त्यासाठी हाँगकाँगचा पेपर लागत नाही. छोट्या फर्मला विचारा, एका पार्टीला "या एन्ट्रीला सही करणार नाही" म्हटलं तेव्हा पुढच्याच वर्षी फाइल गेली माझी. त्या वर्षी दोन मुलं कमी करावी लागली ऑफिसातली.

मागवाला
ऑडिटर, सत्यम, कोरिया सगळं वाचलं. आता जरा इकडं बघा. मी इचलकरंजीचा, चोवीस माग आहेत, वडील खर्चीवाले होते म्हणजे दुसऱ्याचं सूत विणून मजुरी घ्यायची, मी स्वतःचं सूत घेऊन ग्रे म्हणजे कोरं, प्रोसेस न केलेलं कापड काढतो. माल गेला की बिल, बिल झालं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा, सुताचं क्रेडिट वजा जाऊन जे उरेल ते खिशातनं, आणि पार्टीचे पैसे चार महिन्यांनी. चार महिने हा चांगला हिशेब सांगतोय. म्हणजे सरकारला मी आधी देतो आणि मला कोण देत नाही. ह्यावर एक तरी संशोधन दाखवा. लिस्टेड कंपन्यांचा नफा इकडून तिकडं गेला त्याचं दुःख सगळ्यांना, आमच्या उधारीचं कुणाला?

इन्कम टॅक्सचा ४३बी(एच) आला तेव्हा वाटलं आता तरी. छोट्या उद्योगाचे पैसे, करार नसेल तर १५ दिवस, असेल तर जास्तीत जास्त ४५, नाही दिले तर घेणाऱ्याला त्या वर्षी खर्च धरता येणार नाही. आणि झालं काय? २०२४ च्या मार्चमध्ये, २७ तारखेला, माझाच माल परत आला. गाठी सोडल्यापण नव्हत्या, मी मार्करनं टाकलेले नंबर तसेच. सोबत दलालाचा फोन, क्रेडिट नोट द्या, म्हणजे आधीचं बिल उलटवा, आणि १ एप्रिलला नव्यानं बिल करा. आठ दिवसांनी दुसरा फोन, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, रद्द करा नाहीतर पुढचा सौदा नाही. हमाली माझी, दोन्हीकडचं भाडं माझं.

काळबादेवी
मागवाले भाऊ, मी त्या बाजूचा. मुंबईत ग्रे घेतो, प्रोसेसला टाकतो, गारमेंटवाल्यांना विकतो. तुम्ही असं लिहिलंय जसं आम्ही पैसे गादीखाली घालून झोपतो. माझा गारमेंटवाला मला १२० दिवसांनी देतो, मोठा ब्रँड त्याला त्याहून उशिरा. मी ट्रेडर, मला उद्यम नंबर मिळतो तो फक्त बँकेच्या कर्जापुरता, ४५ दिवसांचं संरक्षण मला लागू नाही. म्हणजे तुम्हाला ४५ ला द्यायचे आणि मला कधी मिळतील ते देव जाणे. त्या मार्चला माझे १८ लाख राहिले होते छोट्या पार्ट्यांचे, ते उत्पन्नात धरले तर फर्मला ३१.२ टक्क्यांनी साडेपाच लाखाच्या वर टॅक्स. न कमावलेल्या पैशावर. माल परत पाठवला नसता तर बायकोचे दागिने ठेवावे लागले असते, हे शब्दशः खरं आहे.

मागवाला
न कमावलेला कसा? माझं कापड तुमच्याकडं आलं होतं ना? तुमचा पैसा अडकला म्हणून माझा अडकवायचा, आणि मी कुणाचा अडकवू, कामगाराचा? त्याची मजुरी शनिवारी दिली नाही तर सोमवारी माग बंद. सूतवाला तर रोखीशिवाय गाडी सोडत नाही.

काळबादेवी
मग सूतवाल्याशी भांडा. आमच्यावर कशाला? तीन पिढ्या आम्ही इचलकरंजीचा माल घेतो, मंदीत कुणी उचलत नव्हतं तेव्हा माझ्या वडिलांनी उचललाय. उपकार काढत नाही, पण चोर म्हणू नका.

मागवाला
चोर शब्द तुमचा. मी फक्त तारीख सांगितली, २७ मार्च.

ताळेबंद
दोघंही जरा थांबा. काळबादेवी, तो टॅक्स कायमचा जात नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी वजावट मिळते. आणि ३१ मार्चच्या आत दिले असते तर ४५ दिवस उलटूनही त्याच वर्षी खर्च धरता आला असता. तुमच्या सीएने नीट सांगितलं नाही. मागवाले, तुम्ही क्रेडिट नोट दिलीत ही चूक, माल खराब नसताना परत घेतलात.

मागवाला
पुढचा सौदा तुम्ही देणार का मला साहेब?

काळबादेवी
सांगितलं होतं सीएने, वजावट पुढच्या वर्षी मिळते हे मलाही माहितीय. पण पैसे देऊन वजावट घ्यायची तर आधी पैसे पाहिजेत ना. ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता पुढच्या वर्षापर्यंत थांबतो का?

खतावणी
माझा धागा उधारीवर गेला आणि मला त्याचं वाईट वाटत नाहीये, कारण मी म्हणत होते तेच तुम्ही दोघांनी स्वतःच्या पैशाने सिद्ध केलंय. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात उशिरा पैसे दिले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लिहिलंय. मागवाले, कधी मागितलंत ते व्याज?

मागवाला
मागितलं तर पार्टी गेली. कोण मागतंय.

खतावणी
तेच. नियम उत्तम, पण तो वापरायची ताकद ज्याच्या हातात दिली त्याचा स्वार्थ गप्प बसण्यात. २०२३ ला सरकारने तो भार विणकरावरून काढून घेणाऱ्याच्या टॅक्सवर टाकला, म्हणून पहिल्यांदा कुणीतरी हललं. हललं ते चुकीच्या दिशेने, गाठी परत पाठवून. आता खरा प्रश्न हा की पहिल्या मार्चचा गोंधळ ओसरल्यावर पैसे लवकर यायला लागले का, की सगळ्यांनी मध्यम कंपन्यांकडून आणि ट्रेडरकडून माल घ्यायला सुरुवात केली, ज्यांना हे कलम लागूच नाही. हे स्टॉक मोजून कळणार नाही, आणि प्रोवेसमध्ये चोवीस मागवाला सापडत नाही. ताळेबंद सर, इथे तुमचं बरोबर आहे, आम्ही जिथे आकडे आयते मिळतात तिथेच शोधतो. कंपन्या दर सहा महिन्यांनी छोट्यांचं थकलेलं देणं सांगणारा एमएसएमई-१ फॉर्म भरतात, पण पेठेतल्या भागीदारी फर्म त्यात नाहीत.

ताळेबंद
टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्मच्या कलम २२ मध्ये येतात ना. टॅक्स ऑडिट असलेल्या प्रत्येक फर्मचं मी भरतो. पण ते डिपार्टमेंटला जातं, तुम्हाला कोण देणार.

ठीक आहे, एवढं मान्य करतो. जर कुणी दोन बाजूंची खाती शेजारी ठेवून, बिलाची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख मांडून, २०२३ आणि २०२४ नंतरचं असं लिहिलं, तर तो पेपर मी वाचेन. बाकीच्यांबद्दलचं मत तेच.

ऊसपट्टा
आणि पेपर मराठीत लिहा. ज्यांच्या खात्यावरनं लिहिणार त्यांना वाचता आला पाहिजे.

खतावणी
लिहीन. मागवाले दादा, तुमच्या येणेबाकीच्या याद्या तीन वर्षांच्या मिळतील का? पार्टीचं नाव नको, गाव नको, फक्त बिल तारीख, रक्कम, जमा तारीख. कोल्हापूरहून येईन मी, तुम्ही म्हणाल त्या रविवारी.

मागवाला
मिळतील. २०१९ पासनं टॅलीत हायत, त्याआधीच्या वहीत, वडलांच्या अक्षरात. नावं मी स्वतः झाकीन. मार्चमध्ये येऊ नका.

काळबादेवी
त्यांच्या एकट्याच्या बघून लिहू नका ताई. माझं येणं कधी आलं आणि देणं कधी दिलं, दोन्ही रकाने पाठवतो. ते १८ लाख सापडतील त्यात, आणि ते कुणाकडून यायचे होते तेही.